पानिपत : गाव आणि मैदान

पानिपत हे एक नांदते गाव आहे, ही गोष्ट मराठी माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. त्याच्या भाषेत पानिपत हा एक शब्द होऊन बसला आहे. निवडणुकीत एखादा पक्ष साफ हरला की त्याचे पानिपत झाले असे आपण म्हणतो. एखाद्यावर भरवसा उरला नाही की ‘विश्वास पानिपतात गेला’ हे वाक्य सहज तोंडी येते. अस्ताव्यस्त जमावाला आपण भाऊगर्दी म्हणतो, तेव्हा त्या शब्दातील भाऊ कोण याचा विचारही मनात येत नाही. बुधवार, १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाने आपल्या भाषेत इतकी भर घातली. पण शब्द जसजसा मोठा झाला तसतसे गाव त्याच्या आड गेले. ज्या जमिनीवर हे सारे घडले ती कशी आहे, तिथे कोण राहत होते, नदी कोठून वाहत होती, रस्ता कोठून जात होता, या प्रश्नांकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. त्यामुळे पराभवाचा विचार करतानाही आपण माणसांचे दोष मोजतो किंवा दैवाला बोल लावतो. भूमीची साक्ष मात्र काढली जात नाही. ती साक्ष काढण्याजोगी आहे.

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरांवर, यमुनेच्या उजव्या अंगाला पानिपत वसले आहे. आज ते हरियाणा राज्यात असून राजधानीच्या विस्तारित प्रदेशात मोडते. दिल्लीहून पंजाबकडे जाणारा महामार्ग त्याच्या अंगावरूनच जातो. या प्रदेशात उभ्या राहिलेल्या सह्याद्रीकडील माणसाला पहिल्यांदा जाणवते ती डोंगरांची उणीव. क्षितिजापर्यंत एकही टेकडी दिसत नाही. अंबाल्यापासून दिल्लीपर्यंतच्या सुमारे दोनशे किलोमीटरांत जमीन जेमतेम पन्नास मीटर उतरते, म्हणजे उतार डोळ्याला दिसतही नाही. नांगर कितीही खोल घातला तरी दगड लागत नाही. हा सारा प्रदेश हिमालयातून वाहून आलेल्या गाळाचा आहे. बांधकाम करावयाचे तर माती भाजून विटा कराव्या लागतात आणि चुन्यासाठी जमिनीतील कंकर गोळा करावा लागतो.

तरीही ही भूमी एकसारखी नाही. तिच्यातील भेद बारीक आहेत आणि इथल्या शेतकऱ्याने त्यांना नावे देऊन ठेवली आहेत. नदीच्या लगतची सखल, नव्या गाळाची जमीन ती ‘खादर’. पुराचे पाणी तिच्यावरून फिरते आणि विहिरीला हाताच्या अंतरावर पाणी लागते. त्या सखल भागाच्या वर, काही हात उंचीवर असलेली जुन्या गाळाची जमीन ती ‘बांगर’. तिला पुराचे भय नाही, पण पाणी मात्र खोल. या बांगरावर एके काळी पळसाची दाट राने होती. पळसाला तिकडे ढाक म्हणतात. पानिपत खादर आणि बांगर यांच्या सीमेवर, यमुनेच्या जुन्या काठावर आहे. नदी आता काही मैल पूर्वेला सरकली आहे. तिने सोडलेला काठ आणि शतकानुशतके पडलेल्या घरांच्या मातीने व विटांनी चढत गेलेले टेकाड यांवर जुने गाव उभे आहे. सपाटीवर जी काही उंची आढळते ती अशी माणसाच्या वस्तीनेच निर्माण केलेली असते. एका घराच्या पडझडीवर दुसरे घर उभे राहते, दुसऱ्यावर तिसरे, आणि हजार-दोन हजार वर्षांनी तेच टेकाड दुरून गढीसारखे दिसू लागते.

गावाच्या नावात ‘पाणी’ ऐकू येते खरे, पण अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते शेवटचे पद. पानिपत, सोनिपत, बागपत, तिलपत या नावांतील ‘पत’ म्हणजे संस्कृतातील ‘प्रस्थ’. इंद्रप्रस्थातले प्रस्थ तेच. प्रस्थ म्हणजे सपाट, मोकळी, विस्तीर्ण भूमी. एखाद्या वजनदार गृहस्थाला आपण बडे प्रस्थ म्हणतो, तेव्हा मनात उंची येते. यमुनाकाठच्या या गावांना मात्र ते नाव सपाटीमुळे मिळाले. पांडवांनी युद्ध टाळण्यासाठी जी पाच गावे मागितली त्यांतले हे एक, अशी लोकसमजूत आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात मात्र अविस्थल, वृकस्थल, माकंदी आणि वारणावत ही चार नावे असून पाचवे गाव कोणतेही द्यावे असे म्हटले आहे. पानिपताचे नाव तेथे नाही. म्हणून लोकसमजुतीचा अक्षरशः आधार घेता येत नाही. तथापि या वस्तीच्या प्राचीनतेला दुसरा आणि अधिक भक्कम पुरावा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास पुरातत्त्वज्ञ ब. बा. लाल यांनी महाभारताशी निगडित स्थळांची पाहणी केली. तेव्हा हस्तिनापूर, इंद्रप्रस्थ, तिलपत, बागपत आदी स्थळांप्रमाणे पानिपत येथेही करड्या रंगावर काळी नक्षी काढलेली, पातळ घडणीची मातीची भांडी आढळली. या भांड्यांचा काळ सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वी बाराव्या ते सहाव्या शतकांच्या दरम्यानचा मानला जातो. बाबर येण्यापूर्वी दोन हजार वर्षे आणि भाऊसाहेब येण्यापूर्वी त्याहून अधिक काळ येथे चुली पेटत होत्या, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

असल्या शांत, कृषिप्रधान वस्तीच्या वाट्याला इतकी युद्धे का यावीत? याचे उत्तर नकाशा देतो. खैबर खिंडीतून आलेले सैन्य पंजाबातल्या नद्या ओलांडून सरहिंदपर्यंत आले, की पुढे त्याला मार्ग अरुंद होत जातो. डावीकडे हिमालयाच्या पायथ्याची राने आणि नद्यांचे ओहळ, उजवीकडे थरच्या वाळवंटाची कोरडी, पाण्याविना घोडी मारणारी भूमी. या दोहोंच्या मधून यमुनेच्या कडेने जी सुपीक पट्टी दिल्लीकडे उतरते तीच एक सोयीची वाट. ठाणेसर, तरावडी, कर्नाल, पानिपत, सोनिपत ही गावे त्या वाटेवर एकामागून एक ओवलेली आहेत. दिल्लीचा सत्ताधीश शहराच्या तटाआड वेढा सोसण्यापेक्षा तीन-चार मजला पुढे जाऊन शत्रूला मोकळ्यावर गाठणे पसंत करी. महंमद घोरी आणि पृथ्वीराज चौहान यांच्या ११९१ व ११९२ मधील लढाया तरावडीच्या मैदानात झाल्या. नादिरशहाने २४ फेब्रुवारी १७३९ रोजी मुघल बादशहाचा पराभव केला तो कर्नालजवळ. पानिपताच्या तीन लढाया या माळेतलेच तीन मणी होत. शापित भूमी वगैरे कल्पना मनाला चटका लावतात, पण त्यांची येथे गरज नाही. सपाट जमीन, घोड्याला चारा, माणसाला पाणी आणि राजधानीचा रस्ता एवढ्या गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे सैन्येही एकत्र येतात.

रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या गावाला रस्त्याची रीत ठाऊक असते. डिसेंबर १३९८ मध्ये तैमूर पानिपताला पोचला तेव्हा त्याला गाव ओस पडलेले दिसले. लोक आधीच दिल्लीच्या दिशेने निघून गेले होते. मागे राहिला होता तो गव्हाचा मोठा साठा, आणि तो त्याच्या सैन्याच्या हाती पडला. या लहानशा नोंदीत गावाचे सारे जीवन सामावले आहे. धान्य पिकवावे, साठवावे, उत्तरेकडची धूळ दिसताच जीव घेऊन निघावे आणि धूळ बसली की परत येऊन घर उभारावे. तैमूर गेला आणि पानिपत पुन्हा वसले.

पण रस्त्यावरून केवळ सैन्येच येत नसत. व्यापारी, कारागीर, विद्वान आणि फकीरही त्याच वाटेने येत. तेराव्या शतकात बलबनाच्या कारकिर्दीत हिरातकडून आलेले अन्सारी घराणे पानिपतात स्थायिक झाले. शरफुद्दीन बू अली शाह कलंदर हे सूफी संत येथेच राहिले. त्यांचे निधन १३२४ मध्ये झाले आणि त्यांच्या दर्ग्याला आजही दूरदूरचे लोक येतात. जहांगीर बादशहाचा वैद्य मुकर्रबखान याची कबरही त्याच आवारात आहे. अशा रीतीने हे गाव काझी, मौलवी, हकीम, विणकर आणि दुकानदार यांचे एक सुसंस्कृत कसबे बनले. अकबराच्या काळी दिल्लीच्या सरकारातील ते एक महाल होते. भोवतालच्या खेड्यांत जाट, गुजर, राजपूत असे नांगर धरणारे समाज आणि मधोमध हे बाजाराचे, मशिदींचे, देवळांचे गाव, असा या मुलखाचा जुना विस्तार होता.

अशा या गावाच्या वेशीवर १२ एप्रिल १५२६ रोजी बाबर येऊन थांबला. त्याने केलेली मांडणी पाहिली म्हणजे एका परक्या माणसाने ही जमीन किती नेमकी वाचली होती हे ध्यानात येते. आडोसा म्हणून उपयोगी पडेल असे मैदानात काही नव्हते. म्हणून त्याने गावालाच आडोसा केले. त्याची उजवी बाजू पानिपतच्या घरांना आणि वाड्यांना टेकलेली होती. डाव्या बाजूला त्याने खंदक खणविले व झाडांच्या फांद्या तोडून आडव्या टाकल्या. समोर सातशे गाडे कातड्याच्या दोरांनी एकमेकांना बांधून उभे केले आणि त्यांच्या आड बंदूकवाले ठेवले. बाणाच्या टप्प्याइतक्या अंतरावर शे-दोनशे स्वार बाहेर पडू शकतील अशा वाटा राखल्या. इब्राहिम लोदीचे सैन्य संख्येने कितीतरी मोठे होते व त्याच्यापाशी हत्तींचा मोठा ताफा होता. पण मोकळ्या मैदानाचा फायदा मोठ्या सैन्याला मिळावयाचा, तो बाबराने गाव आणि गाडे यांच्या चिमट्यात काढून घेतला. २१ एप्रिलला सकाळी सुरू झालेली लढाई दुपारपर्यंत संपली. इब्राहिम पडला, त्याच्या बाजूने लढणारा ग्वाल्हेरचा राजा विक्रमादित्यही पडला. विजयाची खूण म्हणून बाबराने काबुली बागेत विटांची मशीद बांधविली. ती आजही उभी आहे. इब्राहिमाची साधी कबर एका चौथऱ्यावर गावातच आहे. जेत्याची मशीद आणि पराभूताची कबर एकाच गावाने सांभाळली.

पुढे तीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १५५६ रोजी, हेमू आणि अकबराची सेना यांची गाठ याच मैदानात पडली. हेमूने पुढे पाठविलेला तोफखाना मुघलांच्या आघाडीच्या तुकडीने आधीच काबीज केला होता. तरीही लढाई हेमूच्या बाजूने झुकत होती. परंतु डोळ्यात बाण लागून तो हत्तीवरच बेशुद्ध पडला आणि सैन्य पांगले. या दोन लढायांतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोन्ही वेळी उत्तरेकडून आलेल्याने दक्षिणेकडे तोंड करून दिल्लीकराशी युद्ध केले आणि दोन्ही वेळी तोच जिंकला. उत्तरेचा माणूस पानिपतावर जिंकतो, अशी समजूत त्यातून रुजली. तिसऱ्या लढाईने ही समजूत खोटी ठरविली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

कारण १७६१ साली उत्तरेच्या बाजूला उभे होते ते मराठे.

हे उलटे चित्र कसे झाले, हे समजण्यासाठी यमुनेकडे पाहिले पाहिजे. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. अब्दाली नदीच्या पलीकडे, दुआबात होता. यमुना पावसाळ्याने भरून वाहत होती. पहाडातील पाऊस ओसरेपर्यंत या नदीला उतार सापडत नाही. त्यामुळे दोन्ही सैन्ये दोन काठांवर एकमेकांकडे पाहत बसली. मग भाऊंनी उत्तरेकडे कूच करून १७ ऑक्टोबर रोजी कर्नालजवळचे कुंजपुरा घेतले. अब्दालीचा धान्याचा साठा आणि खजिना त्यांच्या हाती आला. विजय मोठा होता, पण त्यामुळे मराठी फौज दिल्लीपासून बरीच वर सरकली होती. ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात, नदीला पुरते उतार मिळालेले नसताना, अब्दालीने पानिपताच्या खाली सुमारे पन्नास किलोमीटरांवर बागपतजवळ आपले सैन्य पाण्यात घातले. काही माणसे वाहून गेली, पण फौज अलीकडे आली. भाऊ वळून खाली उतरले आणि पानिपतापाशी थांबले. अब्दाली त्यांच्या आणि दिल्लीच्या मधे येऊन बसला.

आता भाऊ जवळजवळ त्याच बाजूला उभे होते जिथे बाबर उभा होता. पाठीशी पानिपत, समोर खंदक, तोंड दिल्लीकडे. त्यांचा तोफखाना बाबराच्या बंदुकांहून कितीतरी श्रेष्ठ होता. जागा तीच असून निकाल उलटा का लागावा? येथेच भूमीची खरी साक्ष सुरू होते. बाबर पानिपताला नऊ दिवस राहिला. मराठे अडीच महिने राहिले. बाबराच्या पाठीमागे पंजाबचा रस्ता उघडा होता, आणि तो त्याचा स्वतःचा रस्ता होता. भाऊंचा रस्ता दक्षिणेकडे होता आणि तो अब्दालीने अडविला होता. पाठीमागील सरहिंदच्या बाजूने पतियाळ्याच्या आलासिंगाकडून काही काळ धान्य येत राहिले, पण ती वाटही अफगाण स्वारांनी हळूहळू बंद केली. उलट अब्दालीच्या डाव्या-उजव्या हाताचा हिशेब सोपा होता. यमुना त्याच्या बाजूला होती आणि तिच्या पलीकडे दुआबासारखा समृद्ध मुलूख नजीबखानाच्या ताब्यात होता. तिथून त्याला रसद मिळत होती. ती तोडण्याचे काम गोविंदपंत बुंदेले यांच्याकडे होते. ते डिसेंबर १७६० मध्ये दुआबात मारले गेले. त्या दिवसापासून नदी पूर्णपणे अब्दालीची झाली.

दख्खनमध्ये जमीन हीच मराठ्यांचा किल्ला होती. घाट, खिंड, डोंगराचा सुळका, जांभ्याचा वा काळ्या दगडाचा कडा, यांच्या आधाराने थोड्या माणसांनी मोठ्या सैन्यांना दमविले होते. पानिपताची जमीन असा काहीच आधार देत नव्हती. इथे लपावयास दरी नव्हती, चढावयास गड नव्हता. इथे सामर्थ्याची साधने दोनच, रस्ता आणि नदी. आणि ती दोन्ही हातची गेली होती. खुणेला टेकडी नसलेल्या या सपाटीवर रात्री वाट ओळखणेही अवघड. जानेवारीच्या आरंभी दिल्लीहून नारो शंकरांनी पाठविलेली खजिन्याची तुकडी अंधारात चुकून थेट अफगाण छावणीत शिरली. आपलीच माणसे समजून ते स्वार मराठीत बोलू लागले, आणि त्या बोलण्यानेच त्यांचा घात झाला. आपल्या भाषेत टाकलेला एक प्रश्न प्राणावर बेतावा, यापेक्षा परमुलुखाची दुसरी व्याख्या कोणती असू शकेल?

छावणीत लढवय्यांच्या बरोबर बायकामुले होती, कुरुक्षेत्राच्या आणि काशी-प्रयागाच्या आशेने आलेले यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. हिवाळा त्यांच्या ओळखीचा नव्हता. या भागातील पौषाची थंडी आणि धुके दक्षिणी वस्त्रांना मानवणारे नव्हते. भोवतालची झाडे सरपणासाठी संपली. जनावरे चाऱ्यावाचून मेली आणि त्यांच्या दुर्गंधीने हवा बिघडली. अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून वाट काढावी असे ठरले. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी पानिपतावरील आपल्या ग्रंथात या दिवसाचा उलगडा केला आहे. त्यांच्या मते, तोफखाना आणि फौज यांचा गोल करून, मधे बुणगे घेऊन, नदीच्या रोखाने सरकावयाचे व काठाने दिल्ली गाठावयाची, असा भाऊंचा बेत होता. म्हणजे मराठ्यांना हवी होती ती मुख्यतः नदी आणि रस्ताच. पौष शुद्ध अष्टमीचा तो दिवस होता. तो संक्रांतीचा दिवस होता असे आपण सर्रास समजतो, पण संक्रांत १४ जानेवारीला येते ती अलीकडच्या काळात. त्या शतकात ती तीन-चार दिवस आधी येत असे. दुपारपर्यंत मराठ्यांची सरशी होती. मग विश्वासराव पडले, गोल फुटला, आणि संध्याकाळपर्यंत सारे संपले. पळणाऱ्याला मैदानाने आडोसा दिला नाही. कोसच्या कोस उघड्या जमिनीवर घोडेस्वार त्यांचा पाठलाग करीत राहिले. गावात आश्रयाला शिरलेल्यांचीही दुसऱ्या दिवशी तीच गत झाली.

आपल्याकडे हकिगत येथे संपते. गावाची मात्र येथे संपत नाही. १७७१ च्या आरंभी, म्हणजे अवघ्या दहा वर्षांनी, मराठे दिल्लीत परत आले, आणि पुढे महादजी शिंद्यांच्या काळात या मुलखावर त्यांचा अंमल बसला. ज्या भूमीत एक पिढी गेली त्याच भूमीचा वसूल तिच्या पुढच्या पिढीने जमा केला, ही गोष्ट पानिपत हा शब्द वापरताना आठवणीत ठेवावी अशी आहे. परंतु तो काळ शेतकऱ्याला सुखाचा नव्हता. शीख सरदार, मराठे आणि स्थानिक जमीनदार यांच्या ओढाताणीत आणि १७८३ च्या दुष्काळात गावेच्या गावे उजाड झाली. विक्रम संवत १८४० मध्ये पडला म्हणून त्या दुष्काळाला लोक ‘चालिसा’ म्हणत. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांनी हा मुलूख कंपनी सरकारच्या स्वाधीन केला.

लढायांइतकीच खोल खूण या भूमीवर उमटविली ती एका कालव्याने. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने हिसारकडे पाणी नेण्यासाठी यमुनेतून कालवा काढला. अकबराच्या काळी त्याची दुरुस्ती झाली, शहाजहानच्या काळी अली मर्दानखानाने त्याचे पाणी दिल्लीपर्यंत पोचविले. अठराव्या शतकाच्या मध्याला राज्याबरोबर कालवाही खचला आणि गाळाने भरून कोरडा पडला. कंपनी सरकारने १८१७ मध्ये तो उकरण्यास आरंभ केला व १८२० मध्ये दिल्लीत पुन्हा पाणी खेळले. बांगराला पाणी मिळाले, पीक वाढले. पण या अतिसपाट जमिनीत पाण्याला निचरा नव्हता. कालव्याच्या कडेने दलदल साचली, हिवतापाने माणसे खंगली, आणि जमिनीतले क्षार वर येऊन शेते पांढरी पडली. या पांढऱ्या थराला तिथे ‘रेह’ म्हणतात. तापामुळे कर्नालची लष्करी छावणी १८४० नंतरच्या दशकात उठवावी लागली. पुढे कालव्याचा मार्ग बदलून निचऱ्याची सोय करण्यात आली. पानिपत तहसिलीची जमीनमहसुलाची पाहणी डेन्झिल इबेट्सन या अधिकाऱ्याने केली. १८८३ मध्ये छापलेल्या त्याच्या अहवालात या रेहेची, विहिरींची, नांगरांची, जातिपातींची आणि लग्नकार्यांची बारकाईने नोंद आहे. जमाबंदीच्या कामासाठी लिहिलेला हा अहवाल. पण सेनापतींनी केवळ मैदान पाहिले होते तिथे या अहवालाने माणसे पाहिली.

एकोणिसाव्या शतकात या गावाने एक मोठा कवीही दिला. बलबनाच्या काळी आलेल्या त्याच अन्सारी घराण्यात १८३७ मध्ये अल्ताफ हुसेन हाली यांचा जन्म झाला. १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मुसद्दस’ने उर्दू कवितेला नवे वळण लावले. ३१ डिसेंबर १९१४ रोजी ते वारले आणि कलंदरांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. उर्दू वाचकाला पानिपत म्हटले की हाली आठवतात. एकच नाव एका भाषेत पराभवाची खूण होते आणि दुसऱ्या भाषेत एका कवीचे गाव, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या शब्दाची मर्यादा कळते.

१९४७ मध्ये या गावावर जी आपत्ती आली ती कोणत्याही परक्या सेनेने आणलेली नव्हती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात व डिसेंबरात महात्मा गांधी दोनदा पानिपतला गेले आणि तेथील मुसलमानांनी गाव सोडू नये म्हणून त्यांनी पराकाष्ठा केली. तरीही बहुतेक सारे निघून गेले. सातशे वर्षे रुजलेली घराणी काही आठवड्यांत उठली, आणि पश्चिम पंजाबातून घरदार गमावून आलेली कुटुंबे त्यांच्या रिकाम्या घरांत शिरली. लोकर आणि विणकाम हा गावाचा जुना धंदा होता. नव्या लोकांनी हातमाग घातले, पुढे यंत्रमाग आले. आज जगभरातून टाकून दिलेले लोकरी कपडे येथे येतात; ते फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात आणि त्यांतून घोंगड्या व ब्लँकेटे विणतात. १ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा राज्य झाले आणि १९८९ मध्ये पानिपत स्वतंत्र जिल्हा झाला.

गावापासून काही किलोमीटरांवर काला आंब नावाचे ठिकाण आहे. तेथील आंब्याचे झाड केव्हाच गेले. आता तिथे तिसऱ्या लढाईचे स्मारक आहे. या भागातील रोड समाजातील अनेक लोक आपण १७६१ च्या युद्धातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज असल्याचे मानतात आणि दर वर्षी १४ जानेवारीला तेथे जमतात. या परंपरेला कागदोपत्री पुरावा किती, हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. पण ज्या पराभवाची आपण म्हण केली, त्या पराभवाशी आपले नाते आहे असे अभिमानाने सांगणारी माणसे त्या भूमीवर नांगर धरून उभी आहेत, ही गोष्ट साधी नव्हे.

पानिपत हा शब्द मराठीतून जाणार नाही, आणि जाण्याचे कारणही नाही. मात्र तो उच्चारताना केवळ नाश मनात येऊ नये. नदी कोणाच्या हाती आहे आणि रस्ता कोणाच्या पाठीशी आहे, हे ज्याने आधी पाहिले त्याला त्या मैदानाने यश दिले. ज्याला ते पाहता आले नाही त्याला त्याच मैदानाने गिळले. त्यात शाप नव्हता की दैव नव्हते. आणि जय-पराजयांच्या या साऱ्या हिशेबाबाहेर एक गाव आहे. तैमूर येण्याआधी ते उठून गेले आणि तो गेल्यावर परत आले. बाबर, अकबर, भाऊ आणि अब्दाली चार दिवसांचे किंवा चार महिन्यांचे पाहुणे होऊन गेले. यमुनेच्या जुन्या काठावरील त्या टेकाडावर एका पडक्या भिंतीच्या मातीवर दुसरी भिंत उभी राहत गेली, आणि अजूनही राहत आहे.